अर्थ सुटला होता

अब्बांची पिकअप चालू होईनाशी झाली ती जानेवारी २०१८ मध्ये. गाडी १९९९ ची. आमचे बी.एड. तिच्या भाड्यावर झाले, भाईजानचे लग्न तिच्या भाड्यावर झाले आणि नाना पेठेतली भाड्याची खोली सोडून कोंढव्यात दोन खोल्या घेतल्या त्याही तिच्याच भाड्यावर. त्या दिवशी सामान हलवायलाही दुसरी गाडी बोलवावी लागली नाही. गाडीच्या कंपनीचे नाव येथे घेत नाही, कारण पुढे जे घडले त्यात कंपनीचा काही दोष नव्हता. कोणाचा होता ते ओघात येईल.

वाचकांनी आमच्या 'आम्ही'ला हसू नये. घरी उर्दूत 'हम' म्हणायची सवय. मराठी लिहायला बसलो की तोच 'हम' आम्ही होऊन कागदावर उतरतो. 'मी' लिहून पाहिले, तर दुसरीच कोणी बाई बोलते आहे असे वाटू लागले.

अब्बा तेव्हा सहासष्ट वर्षांचे होते. पहाटे चारला निघायचे, गुलटेकडीच्या मार्केट यार्डात जाऊन कोंढवा-वानवडीच्या सात-आठ भाजीवाल्यांचा माल भरायचे आणि आठच्या आत प्रत्येकाच्या हातगाडीपाशी उतरवून घरी यायचे. घरी आले की चहा, मग झोप. एवढाच धंदा उरला होता. २००५ साली पुण्यातूनच 'छोटा हत्ती' बाजारात आला आणि लहान मालाची भाडी बघता बघता त्याच्याकडे गेली. पण हे सात-आठ भाजीवाले अब्बांना सोडून गेले नाहीत, कारण अब्बा कधी उशिरा आले नव्हते. पुण्यात मालाच्या कोणत्याही लहान गाडीला लोक टेम्पो म्हणतात. हा शब्द मुळात एका जर्मन कंपनीचा. तिच्याशी करार करून बजाज टेम्पो गाड्या बनवू लागली. त्या कंपनीचे नाव २००५ मध्ये बदलून फोर्स मोटर्स झाले, तरी टेम्पो काही लोकांच्या तोंडातून उतरला नाही. अब्बांना मात्र कोणी त्यांच्या गाडीला टेम्पो म्हटलेले खपत नसे. ते म्हणत, "पिकअप बोलो."

तर ही पिकअप चावी फिरवली की 'कट्' असा एक आवाज करी आणि गप्प बसे. पुन्हा चावी, पुन्हा 'कट्'. कधी सहाव्या वेळी अचानक चालू होई. कधी एका हाकेत. कधी अजिबात नाही. पण मागून धक्का दिला, की दहा पावलांत इंजिन धडधडू लागे. म्हणून अब्बांनी ती उतारावर लावायला सुरुवात केली. कोंढव्यात उतारांना तोटा नाही. रात्री पुढच्या चाकाखाली दगड, पहाटे दगड काढायचा, गाडी आपोआप गडगडत सुटली की गिअर टाकून क्लच सोडायचा. आता हा कारभार एकदा-दोनदा ठीक. रोजचे झाले तेव्हा त्या उताराच्या जागेसाठी अब्बा संध्याकाळपासून जागरूक राहू लागले. मगरिबच्या नमाजला जाताना एक नजर तिकडे, येताना एक नजर तिकडे. एखाद्या दिवशी तिथे दुसऱ्याची गाडी लागलेली असली, की त्यांना जेवण जात नसे. मग पहाटे साडेतीनला भाईजान उठून धक्का मारायचे आणि दोन तास झोपून हडपसरला कामावर जायचे. थंडीचे दिवस होते. थंडीत बॅटरी मुळातच मंदावते, इंजिनातले ऑइल घट्ट होते, त्यामुळे गाडी जास्तच हट्ट करी.

भाईजान एके दिवशी चहाच्या वेळी म्हणाले, "गाडी आणि अब्बा, दोघेही थकले." अब्बा आतल्या खोलीत होते. ऐकले की नाही, माहीत नाही. भंगारवाला येऊन गाडी बघून गेला, अडतीस हजार म्हणाला. महिनाअखेरीस उत्तर देतो असे भाईजाननी त्याला सांगितले. भाईजानला दोष द्यावा असे काही नव्हते. धक्का तेच मारत होते.

गाडी विकायच्या आधी दुरुस्तीही भरपूर झाली होती. पहिल्या मेकॅनिकने बॅटरी बदलली. चार दिवस गाडी सुतासारखी चालली, पाचव्या दिवशी 'कट्'. दुसऱ्याने स्टार्टर खाली उतरवला, कार्बन बदलले, घासूनपुसून बसवला. तिसऱ्याने स्टार्टरवरचा सोलेनॉइड नवा घातला. अकरा हजारांच्या वर खर्च झाला आणि 'कट्' काही हलले नाही. प्रत्येकाने त्याच्याकडे जे होते ते बदलले. अम्मी म्हणाल्या, "हे म्हणजे ताप आला की आधी चष्मा बदलायचा."

मग आमची पाळी. आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत नववी-दहावीला विज्ञान शिकवतो. पुस्तक बालभारतीचेच, फक्त उर्दूत. मराठी मुले जिला विद्युतधारा म्हणतात ती आमच्याकडे बर्की रौ. रोध म्हणजे मुजाहमत. ओहमच्या नियमाला आम्ही कुल्लिया म्हणतो. व्होल्ट, अँपिअर, ओहम ही नावे तेवढी दोन्हीकडे सारखी, कारण ती माणसांची नावे आहेत. हा धडा आम्ही सात वर्षे शिकवत आलो होतो, तेव्हा एवढीशी गाडी आपल्याला का कळू नये, असे मनात आले. मुख्याध्यापिकांना विचारून प्रयोगशाळेतला मल्टिमीटर शनिवारी घरी आणला.

दुपारी बॉनेट उघडले. बॅटरी मोजली, साडेबारा व्होल्टच्या थोडी वर. म्हणजे पूर्ण भरलेली. मग एकेक वायर घेतली, दोन टोकांना मीटरच्या दोन सुया लावल्या आणि मुजाहमत मोजत गेलो. ०.३ ओहम. ०.३. पुन्हा ०.३. मीटरच्या दोन सुया एकमेकींना नुसत्या टेकवल्या तरी तो ०.३ दाखवत होता, म्हणजे वायरींची मुजाहमत शून्यच. वहीत सगळ्या वायरींपुढे आम्ही बरोबरची खूण केली. नववीच्या निकालातही इतक्या खुणा कधी झाल्या नव्हत्या.

अब्बा शेजारी टॉर्च धरून उभे होते. म्हणाले, "बेटा, ॲक्सिलेटर पण जड झालाय. तो पण बघ ना."

आम्ही म्हणालो, "अब्बा, तो यांत्रिक भाग आहे. हा बिघाड विजेचा आहे. त्याचा याच्याशी काही संबंध नाही."

वर्गात मुलाने विषय सोडून प्रश्न विचारला की आमचा जो आवाज निघतो, तोच निघाला असणार. अब्बा गप्प झाले. ही तक्रार त्यांची जुनी होती. सहा महिन्यांत ॲक्सिलेटरची केबल दोनदा बदलून झाली होती आणि तरी पेडल जड. दुसऱ्यांदा बदलली तेव्हा भाईजाननी आमच्याकडे पाहिले, आम्ही भाईजानकडे. पाय थकला, असा त्या बघण्याचा अर्थ. तोंडाने कोणी बोलले नाही. अब्बांना एकदा गाडीत काहीतरी करपल्याचा वासही आला होता. तोही आम्हा दोघांना आला नव्हता.

दुसऱ्या दिवशी रविवारी अम्मींनी आपल्या माहेरच्या ओळखीतून एका ऑटो इलेक्ट्रिशियनला बोलावले. नाना पेठेत गाड्यांच्या सुट्या भागांची दुकाने ओळीने आहेत. तिथे बोळात बसणारे म्हातारे उस्ताद. त्यांच्यापाशी एक लाकडी पेटी, पेटीत एक टेस्ट लॅम्प, पक्कड, पॉलिश पेपर आणि मनगटाएवढ्या जाड वाटतील अशा दोन जंपर केबली. आमची वही आम्ही त्यांच्यापुढे धरली. त्यांनी ती आदराने पाहिली आणि परत दिली. मग आम्हाला सोडून अब्बांना विचारू लागले.

"धक्क्याने होते?"

"लगेच होते."

डिझेल गाडीला स्पार्क प्लग नसतो. हवा जोरात दाबली की ती तापते, त्यात डिझेलचा फवारा पडला की पेट घेते. जुन्या गाडीचे इंजिन एकदा फिरू लागले की त्याला विजेची जवळपास गरजच नसते. म्हणजे धक्क्याने होते याचा अर्थ डिझेल, पंप, इंजिन सगळे ठाकठीक. फक्त पहिला फेरा द्यायला जो स्टार्टर लागतो, तिथे गडबड.

"चावी मारताना दिवे मंद होतात?"

अब्बा म्हणाले, "नाही. जसेच्या तसे."

उस्तादांनी स्वतः हेडलाइट लावून चावी फिरवायला सांगितली. 'कट्' झाले, दिवा भिंतीवर तसाच लख्ख. बॅटरी कमजोर असती तर स्टार्टरने करंट ओढताच दिवे मरगळले असते. दिवे मंदावत नाहीत, याचा अर्थ बॅटरी द्यायला तयार आहे, पण स्टार्टरपर्यंत करंट जातच नाही. बॅटरीचे साडेपाच हजार या एका प्रश्नाने वाचले असते. आम्हालाही हे सुचायला हवे होते. दिवे तर आम्ही लावूनच पाहिले नव्हते, कारण पुस्तकात दिवे नाहीत.

तिसरा प्रश्न त्यांनी विचारला, "आणखी काय काय बिघडलंय गाडीत? काहीही सांगा."

अब्बांनी आमच्याकडे पाहिले. मग हळूच म्हणाले, "ॲक्सिलेटर जड आहे."

उस्ताद उठलेच. ॲक्सिलेटरची केबल सोडवून त्यांनी बाहेर ओढली. आतले प्लास्टिकचे अस्तर जागोजाग वितळून तारेला चिकटले होते. नाकाला लावली तर तोच करपल्याचा वास. उस्ताद अब्बांना म्हणाले, "चाचा, आप तो कब से बोल रहे थे." आणि आमच्याकडे वळून, "टीचर, अर्थ छूट गया है."

गॅरेजच्या भाषेत अर्थ म्हणजे इंग्रजी अर्थ, जमीन. मराठीच्या तासाला शब्दार्थ लिहा म्हणतात तो अर्थ नव्हे. पण त्या क्षणी आम्हाला मराठीच ऐकू आले, याला काय करणार.

हे असे असते. गाडीत बॅटरीची एकच बाजू वायरीने सगळीकडे फिरवतात. दुसरी बाजू, निगेटिव्ह, चॅसीला जोडलेली असते आणि परतीचा रस्ता म्हणून सगळे लोखंडच वापरतात. पण इंजिन चॅसीवर थेट टेकलेले नसते. हादरे बसू नयेत म्हणून ते फाउंडेशनच्या रबरांवर बसवतात, आणि रबरातून करंट जात नाही. म्हणून इंजिन आणि चॅसी यांना जोडणारी तांब्याच्या तारांची विणलेली एक जाड पट्टी असते. स्टार्टर इंजिनावर असतो. त्याचा सगळा करंट या पट्टीतूनच बॅटरीकडे परततो. पट्टीचा सांधा बिघडला की करंट दुसरी वाट शोधतो. आमच्या गाडीत त्याला ॲक्सिलेटरची केबल सापडली होती. तिचे एक टोक पेडलपाशी बॉडीवर, दुसरे इंजिनावर. बिचारी पेडल ओढायला केलेली बारीक केबल. तिच्यातून स्टार्टरचा करंट गेल्यावर ती तापणार नाही तर काय? दर चावीला थोडी थोडी भाजत होती. आल्टरनेटरही इंजिनावरच, त्याचीही परतीची वाट अडलेली. म्हणून जुनी बॅटरी भरत नव्हती आणि पहिल्या मेकॅनिकला ती खराब वाटली. तो अगदीच चुकला असे आता म्हणवत नाही.

उस्तादांनी जंपर केबलचे एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला लावले, दुसरे थेट इंजिनच्या लोखंडाला. अब्बांना म्हणाले, "मारो." एका हाकेत इंजिन सुरू. गल्लीतली पोरे ओरडली.

मग आमच्या वहीतल्या त्या खुणांचे काय? घरातला छताचा पंखा अर्धा अँपिअरही घेत नाही. डिझेल गाडीचा स्टार्टर काही सेकंदांसाठी दोनशे अँपिअरच्या घरात ओढतो. सांध्यात एका ओहमचा पन्नासावा भाग, ०.०२ ओहम एवढी मुजाहमत असली, तरी ओहमच्या कुल्लियाप्रमाणे २०० गुणिले ०.०२, म्हणजे चार व्होल्ट तिथेच खर्ची पडतात. बारातले चार गेले तर स्टार्टरपाशी उरते काय! आणि ज्या मीटरच्या स्वतःच्या सुयाच ०.३ दाखवतात, त्याला हे ०.०२ दिसणार कसे? शिवाय ओहम मोजताना मीटर वायरीतून अगदी चिमूटभर करंट सोडतो. चिमूटभर करंटाला एक तारही पुरते. वायर मोजायची ती चावी मारलेली असताना, ओझे अंगावर असताना. उस्तादांनी जंपर काढल्यावर आम्ही मीटर व्होल्टवर ठेवला, एक सुई बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरी इंजिनाला, आणि अब्बांनी चावी फिरवली. दोन्हीकडे निगेटिव्हच, म्हणजे काटेकोर पाहिले तर शून्याच्या आसपास यायला हवे. मीटरने पाच व्होल्टच्या वर दाखवले.

हा कुल्लिया ज्याने सांगितला तो गेओर्ग ओहम आमच्याच जातीचा, म्हणजे शाळामास्तर. बाप कुलुपे बनवणारा कारागीर. कोलोनच्या शाळेत शिकवता शिकवता त्याने तारा घेऊन प्रयोग केले आणि १८२७ मध्ये पुस्तक छापले. त्याच्या चित्राखाली जन्म-मृत्यूची साले आम्ही दरवर्षी फळ्यावर लिहितो. तो कारागिराचा मुलगा होता हे मात्र आम्ही मुलांना कधी सांगितले नव्हते.

स्टार्टरची गोष्ट अब्बांना जास्त आवडली. १९११ मध्ये अमेरिकेत चार्ल्स केटरिंगने विजेवर चालणारा स्टार्टर केला, १९१२ च्या कॅडिलॅक गाड्यांत तो आला. तो आधी दुकानांतल्या गल्ल्याच्या यंत्रांना विजेची मोटर बसवण्याचे काम करत होता. गल्ला उघडायला क्षणभरच जोर लागतो, तेव्हा लहान मोटरलाही क्षणभर जास्त करंट पाजला तर चालते, ही युक्ती त्याला तिथली ठाऊक होती. त्याआधी सगळा जगव्यवहार हँडलवर. अब्बा पोरवयात ट्रकवर क्लीनर होते, पेट्रोलच्या जुन्या ट्रकला त्यांनी हँडल मारले आहे. अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा, हँडलला विळखा घालायचा नाही. इंजिनने उलटा झटका दिला तर अंगठा जातो. हे सांगताना त्यांनी हवेत हात धरून दाखवला. अंगठा बरोबर बोटांच्या बाजूला होता.

आता दोषाची गोष्ट. उस्ताद गाडीखाली गेले आणि पट्टीचा बोल्ट उघडून बाहेर आले. पट्टीच्या टोकाचा तांब्याचा डोळा काळ्या रंगावर बसवला होता. खाली चकचकीत काळा रंग, त्यावर डोळा, त्यावर बोल्ट. करंट जायचा तो बोल्टच्या आट्यांतून, जेवढा जाईल तेवढा. पावसाळ्यात आट्यांत गंज शिरला आणि तीही वाट बंद होत आली. उस्ताद म्हणाले, "किसने कलर किया?"

रंग आम्ही करून घेतला होता. जून २०१७ मध्ये. दरवर्षी आरटीओत पासिंग असते. त्या वर्षी गाडी फारच मळकट दिसत होती. अब्बा नको नको म्हणत असताना आम्ही आमच्या पगारातून पैसे दिले आणि पेंटरला सांगितले, वरून-खालून, चॅसीसकट, नवी दिसली पाहिजे. क्लच प्लेट बदलायला पट्टी सोडलेलीच होती. रंगाऱ्याने रंग दिला, मेकॅनिकने त्यावर पट्टी आवळली. ईदच्या दिवशी अब्बांनी त्या रंगाला हात लावून "माशाअल्लाह" म्हटले होते. ॲक्सिलेटर जड झाल्याची पहिली तक्रार त्यानंतर दीड-दोन महिन्यांची. हे गणित आम्ही तिथे उभ्या उभ्या केले. भाईजानही करत होते, कारण ते दुसरीकडे बघत होते.

आम्ही अब्बांना म्हणालो, "अब्बा, ते आम्हीच..."

अब्बा म्हणाले, "रंग अच्छा था बेटा." आणि उस्तादांच्या हातून पॉलिश पेपर घेऊन स्वतः गाडीखाली सरकले. पाठीवर पडून, नाकावर रंगाची काळी भुकटी घेत त्यांनी रुपयाएवढी जागा घासली, लोखंड पांढरे चकाकेपर्यंत. उस्तादांना जुन्या पट्टीचा भरवसा वाटेना. अर्ध्या तारा तुटल्या होत्या. रविवार होता, म्हणजे मंगळवार पेठेत जुना बाजार भरलेला. भाईजान तिथे गेले आणि कुठल्याशा तोडलेल्या ट्रकची, दोन बोटे रुंद, हिरवट पडलेली पट्टी एकशे वीस रुपयांना घेऊन आले. ती घासून बसवली, वर ग्रीस चोपडले. मीटर पुन्हा लावला. चावी मारल्यावर ०.२ व्होल्ट. उस्तादांनी तीनशे रुपये घेतले. अम्मींनी बिर्याणी बांधून दिली.

जुनी पट्टी आम्ही सोमवारी वर्गात नेली. तिच्यातली एकच तार सुटी केली, बॅटरीला जोडली आणि त्या तारेवर टॉर्चचा बल्ब लावला. बल्ब लख्ख पेटला. मुलांना विचारले, वायर चांगली की खराब? सगळे म्हणाले, चांगली. मग बल्बच्या जागी अब्बांच्या गाडीचा जुना हेडलाइट लावला. तार लाल झाली, तुटली, थोडा धूर निघाला. मागच्या बाकावरचा एक मुलगा, ज्याचे वडील रिक्षा चालवतात, न विचारता म्हणाला, "टीचर, अर्थ ढीला रहा तो ऐसाच होता." त्याला ओहमचा कुल्लिया पाठ नव्हता. चाचणीत त्याला वीसपैकी सहा गुण होते आणि ते आम्हीच दिले होते. आम्ही त्याला पुढे बोलावले आणि खडू त्याच्या हातात दिला. पहिल्यांदा तो लाजला, मग त्याने फळ्यावर रिक्षाचे इंजिन काढले. चित्र चुकीचे होते, पण अर्थ बरोबर जागी दाखवला होता.

भंगारवाल्याला भाईजाननी महिनाअखेरीस नाही म्हणून सांगितले. गाडी त्यानंतर आणखी तीन वर्षे मार्केट यार्डात गेली.

पण त्या रविवारनंतरही कितीतरी दिवस अब्बा गाडी उतारावरच लावत होते. सपाट जागा समोर मोकळी असली तरी. आम्ही काही म्हणालो नाही. पुढे फेब्रुवारीत एका रात्री खिडकीतून पाहिले तर गाडी दाराशी सपाटीला उभी होती आणि अब्बा चाकाखालचा तो दगड दोन्ही हातांनी उचलून भिंतीकडेला ठेवत होते.